सिग्नलवर काटा चढतो, हायवेवर उतरतो

गाडी सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोन सीटची, उघड्या टपाची. बॉडी फायबरग्लासची आणि इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ६० बीएचपी. ६० बीएचपीच्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. गाडी हलकी आहे, बुटकी आहे, आणि नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या वळणावर ती जे करते ते शेजारच्या मोठ्या एसयूव्हीला जमत नाही. वय मात्र वीसच्या पुढे गेलंय, त्यामुळे तिच्यासोबत घालवलेल्या वेळातला निम्मा वेळ मी तिच्याखाली असतो.

तक्रार अशी. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन या, तापमानाचा काटा मधोमध, हलायचं नाव नाही. परतताना डबल डेकर पुलावरून उतरलो, अजनी चौकाचा सिग्नल लागला की काटा जागेवरून उठतो. राहाटे कॉलनी चौकात आणखी वर. पंचशील चौकापर्यंत लाल पट्टीच्या कडेला, आणि मी भर मे महिन्यात हीटर लावून बसलेला. (हीटर लावला की इंजिनची थोडी उष्णता आत येते, गाडी वाचते, माणूस शिजतो.) जरा मोकळा रस्ता मिळाला की काटा परत खाली.

हे सलग तीन उन्हाळे चाललं. दरवर्षी दुरुस्ती केली, दरवर्षी "झाली बरी" म्हटलं, आणि पुढच्या एप्रिलच्या शेवटी पुन्हा तेच.

पहिल्या वर्षी एका मेकॅनिकने सांगितलं, "भाऊ, थर्मोस्टॅट काढून फेका, नागपुरात त्याचं काय काम हाय?" काढला. (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.) दुसऱ्या वर्षी रेडिएटर खोलून साफ करून आणला. तिसऱ्या वर्षी घाट रोडवरून पंख्याची मोटर आणि थर्मो स्विच (पाणी तापलं की पंखा सुरू करणारा) दोन्ही नवे आणून बसवले. आता गंमत बघा. ही तिन्ही कामं मी मे महिनाभर वैतागून शेवटी जूनच्या पहिल्या आठवड्यात केली. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपत आलेला, त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत पाऊस. पारा ४५ वरून ३२ वर आला की गाडी आपोआप बरी व्हायची आणि श्रेय जायचं मी शेवटी जे काही बदललं असेल त्याला. तीन वर्षं मी पावसाला मेकॅनिक समजत होतो. म्हणून तुमच्याकडे हाच त्रास असेल तर पहिली गोष्ट: तपासणी एप्रिल-मे मध्येच करा, दुपारी करा. जूनमध्ये केलेल्या दुरुस्तीवर विश्वास ठेवू नका.

हायवेवर थंड आणि सिग्नलवर गरम, हे लक्षण स्वतःच अर्धं निदान आहे. हायवेवर इंजिन जास्त काम करतं, जास्त उष्णता तयार करतं, तरी काटा शांत. म्हणजे पाण्याचा पंप पाणी फिरवतोय, रेडिएटरच्या नळ्या बऱ्यापैकी मोकळ्या आहेत, थर्मोस्टॅट उघडतोय. वारा मिळाला की सगळं ठीक. सिग्नलवर वारा नसतो, तो पंख्याने द्यायचा असतो. उलट असतं, म्हणजे शहरात ठीक आणि ९० च्या वेगाला गरम, तर मी पाण्याच्या बाजूला गेलो असतो: चोंदलेला रेडिएटर, थकलेला पंप, चोखून चपटा होणारा खालचा होज (रबरी नळी). माझी आग रामेश्वरी होती आणि मी तीन वर्षं बंब सोमेश्वरी नेत होतो.

थर्मोस्टॅटचंही सांगून टाकतो, कारण हा सल्ला गावोगावी मिळतो. काटा लालकडे गेलेला असतो तेव्हा चांगला थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडलेला असतो. सताड उघडं दार चौकटीतून काढून टाकलं म्हणून घरात जास्त वारा येत नाही. वर डिसेंबरात इंजिन तापतच नाही, इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो. मी नवा आणून परत बसवला. तो बंद अडकलाय का हे बघायचं असेल तर गाडी गरम झाल्यावर वरचा होज आणि रेडिएटर यांचं तापमान बघा: इंजिन उकळतंय आणि रेडिएटर कोमट, तर थर्मोस्टॅट गुन्हेगार.

पंख्याकडे यायचं तर अडचण अशी की पंखा फिरत होता. चौथ्या वर्षी, एप्रिलमध्ये, मी वायरमनकडे गेलो तर तो बॉनेट उघडून म्हणाला, "पंखा त फिरून राहिला ना भाऊ. मंग पंख्याचा काय दोष?" मलाही तीन वर्षं हेच वाटत होतं. फिरतोय म्हणजे ठीक आहे. पण कुलरचा पंखाही व्होल्टेज कमी असताना फिरतोच, फक्त वारा येत नाही. हे नागपूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. संध्याकाळी साडेसातला लाईट डिम झाल्यावर कुलर जसा नुसता घुमतो, तसाच आवाज माझ्या रेडिएटरच्या पंख्याचा येत होता. तो आवाज मी ऐकत होतो, ओळखत नव्हतो.

मोजायला लागणारी वस्तू एकच, साधा डिजिटल मल्टीमीटर. सीताबर्डीला मोदी नंबर ३ च्या गल्लीत काहीशे रुपयांत मिळतो. पण आधी सुरक्षेचं, कारण इथे बोटं जातात. इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात घालायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून घाला. मोजताना पंखा चालू ठेवावाच लागतो, तेव्हा शर्टाच्या बाह्या, गळ्यातली साखळी, मीटरच्या वायरी पात्यांपासून लांब. गरम गाडीच्या कूलंटच्या टाकीचं झाकण कधीच उघडायचं नाही; आतलं पाणी दाबाखाली शंभराच्या वर असतं आणि झाकण सैल होताच त्याची एकदम वाफ होते. जॅकवर गाडी उचलून खाली जाणार असाल तर स्टँड लावा, विटा नको. आणि सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. ते चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात.

आता मोजणी. गाडी चालू, पंखा चालू. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजलं: १३.८ व्होल्ट. मग पंख्याच्या प्लगमध्ये मागून टाचणी घालून मोटरच्या दोन टोकांवर मोजलं: ९.५. सव्वाचार व्होल्ट वाटेत कुठेतरी गायब. ते कुठे, हे शोधायला मीटर उलट पद्धतीने लावायचा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं मोटरच्या पॉझिटिव्ह पिनवर: ०.९ व्होल्ट. एवढं येताना गेलं. मग एक टोक मोटरच्या निगेटिव्ह पिनवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. इथे शून्याच्या जवळ काहीतरी दिसायला हवं, फार तर ०.२. मला ३.४ दिसलं. मी मीटर झटकून परत लावला. ३.४.

घोडं पेंड खात होतं ते इथे, अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जातो त्या वाटेत.

इथे एक चूक बहुतेक सगळे करतात, मीही केली होती. गेल्या वर्षीच मी ही अर्थिंगची वायर मीटरच्या बीपवर तपासली होती आणि बीप छान वाजली होती. बीप वाजवायला मीटर वायरीतून जेमतेम मिलिअँपिअरभर करंट सोडतो. तेवढा करंट एका धाग्यातूनही जातो. पंखा मागतो १२ ते १५ अँपिअर. पायवाटेवरून सायकल जाते म्हणून ट्रक जाईल असं नाही. जोड खराब आहे की नाही ते फक्त पूर्ण ओझ्याखाली कळतं, म्हणून पंखा चालू ठेवूनच मोजायचं, आणि ओहम नाही, व्होल्ट मोजायचे. माझ्याकडे १२ अँपिअर धरले तरी ३.४ व्होल्ट म्हणजे त्या एका जोडात ४० वॅट जळत होते. देवघरात पूर्वी जो पिवळा बल्ब असायचा, तेवढी उष्णता एका बोल्टखाली.

लोखंडी गाड्यांमध्ये हा प्रश्न इतका टोकाला जात नाही, कारण तिथे सगळी बॉडीच परतीची वायर असते. दिवा कुठेही बोल्टने कसा, करंट पत्र्यातून बॅटरीकडे परत येतो. फायबरग्लासमधून वीज जात नाही. माझ्या गाडीत प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, पंख्याला परतीची वेगळी वायर लागते आणि त्या सगळ्या कुठेतरी एकत्र येऊन चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टने कसलेल्या असतात. तो एक बोल्ट बिघडला की सगळ्यांचाच घसा बसतो. फायबरच्या बॉडीचे फायदेही आहेत, नाही असं नाही. मागच्या बंपरला तडा गेला तेव्हा मी कुलरच्या फायबर बॉड्या बनवणाऱ्याकडे गेलो, त्याने बसल्या बैठकीला चटई आणि रेझिन लावून तो जोडला आणि "याले पाणी नाही लागत, हे बरं हाय," म्हणाला. पण अर्थिंगच्या बाबतीत ही गाडी नाजूक आहे. यात बनवणाऱ्याचा दोष नाही. वीस वर्षं, बॅटरीची वाफ आणि मधे हात घातलेली माणसं, ज्यात मी पहिला.

बोल्ट बॅटरीच्या ट्रेखाली होता. ट्रे काढला, टॉर्च धरला. एकावर एक पाच लग, म्हणजे वायरीच्या टोकाच्या त्या गोल कड्या, इडलीच्या साच्यासारख्या रचलेल्या. वरच्या दोन बऱ्या. तिसऱ्यापासून खाली हिरवट-पांढरी भुकटी, तांब्याच्या कलशाला आतून येते तशी. दहाचा पाना लावला तर बोल्ट फिरला आणि भुकटी खाली सांडली. सगळ्यात खालचा लग, पंख्याचा, हातात घेतला तर वायरीपासून तुटून वेगळा झाला. कव्हर सोलल्यावर आतलं तांबं बोटभर लांबीपर्यंत काळं. आणि लगच्या खाली चासीवर चक्क रंग होता. काळा, चकचकीत. तो मीच मारला होता, पहिल्या उन्हाळ्यानंतर, गंज लागू नये म्हणून. बोल्ट काढून, रंग मारून, वाळल्यावर परत कसला. म्हणजे पंख्याचा करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांमधून, जेवढा जाईल तेवढा.

काम सोपं आहे, घाई करू नका एवढंच. बॅटरी काढली. चासीवरची जागा पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासली, रुपयाच्या नाण्याएवढी. काळी पडलेली वायर चांगलं तांबं लागेपर्यंत कापली, तर ती आखूड पडली, म्हणून पंख्यासाठी नवीच ओढली, ४ चौरस मिमीची, आणि चासीवर न थांबवता थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली. लग पकडीने चेपायचे नाहीत, क्रिंपिंगच्या पान्यानेच दाबायचे, वरून स्लीव्ह. बाकीच्या चार वायरींना नवे लग, दोन-दोन करून दोन वेगळ्या बोल्टवर, खाली दातेरी वॉशर. कसून झाल्यावर, आधी नाही, वरून व्हॅसलिन. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या ब्लॉकला जाणारी जाड पट्टीही त्याच दिवशी बदलली.

येतानाचे ०.९ व्होल्ट रिलेच्या सॉकेटमध्ये जात होते. (रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच.) पिना सैल आणि प्लॅस्टिक तपकिरी झालेलं. नवं सॉकेट, नवा ४० अँपिअरचा रिले. ज्यांना स्वतः करायचं त्यांच्यासाठी: ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी वायर, ८७ पंख्याला, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं, त्यातलं एक चावीच्या लाइनला आणि दुसरं थर्मो स्विचमधून अर्थला. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. पंखा "डायरेक्ट" करून देणारे भेटतील, चावी लावली की पंखा सुरू. चालतं, पण मोटर लवकर जाते आणि खरा आजार झाकला जातो. माझी थर्मो स्विचला समांतर एक छोटा स्विच डॅशबोर्डखाली काढण्याची सुधारणा मात्र मला आवडलेली आहे. बर्डीच्या गर्दीत शिरण्याआधी पंखा हाताने सुरू करता येतो. तुमच्या गाडीत पंखा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, चालवत असेल तर त्याच्या वायरीला हात लावण्याआधी वायरिंगचा नकाशा मिळवा.

परत मोजलं. बॅटरी १३.८, मोटरवर १३.४. येताना ०.३, जाताना ०.१. पंखा सुरू झाला तेव्हा शेजारचे काका गॅलरीतून म्हणाले, "काय रे, मोठा पंखा बसवला काय?" पंखा तोच होता.

हा बिघाड फक्त मे महिन्यातच का दिसायचा, याचाही हिशोब आहे. रेडिएटर किती उष्णता फेकतो ते पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर असतं. पाणी ९५ अंश धरा. जानेवारीच्या दुपारी हवा २८, फरक ६७. मे मध्ये सावलीत ४५ आणि डांबराच्या वर, बंपरच्या उंचीला, सहज ५०, फरक ४५. रेडिएटरची ताकद तिथेच तिसऱ्या हिश्शाने गेली. त्यावर अशक्त पंख्याची कपात. २०१३ च्या मे मध्ये नागपुरात ४७.९ नोंदले गेले होते; अशा दिवसात कुठलीच कसर लपत नाही.

एक काम अजून उरलं होतं. पारा ४४ वर गेला तेव्हा काटा मध्याच्या किंचित वर जायचा. लालकडे नाही, पण जायचा. तपासलं तर रेडिएटर आणि पुढच्या बॉडीमध्ये दोन्ही बाजूंना बोटभर फट. गाडी उभी असताना पंखा इंजिनवरची गरम हवा त्या फटीतून फिरवून पुन्हा पुढे आणत होता. कुलरची एका बाजूची खस निघालेली असली की तो जसा खोलीतलीच दमट हवा परत परत ओढतो, तसं. कपाटाच्या दाराला लावतात ती जाड रबर पट्टी दोन्ही बाजूंनी लावली. पंख्याच्या भोवतीचं कव्हर मागच्या मालकाच्या काळात कधीतरी गेलं होतं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं बनवून घेतलं, म्हणजे पंखा त्याच्या गोलापुरतंच नाही तर सगळ्या जाळीतून हवा ओढेल. जाळीतली धूळ आणि किडे मागून पुढे, हलक्या पाण्याने काढले. प्रेशर वॉशरने त्या पातळ पट्ट्या वाकतात, तो मोह आवरा.

कूलंटबद्दल वाद नको: नागपुरात पाणी गोठत नाही म्हणून नळाचं पाणी चालतं, हे चूक. कूलंट उकळणबिंदू वर नेतं आणि ॲल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवतं. बोअरचं पाणी काय करतं ते कुलरच्या पंपावरच्या पांढऱ्या थरात बघा. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. जास्त कूलंट ओतून जास्त थंड होत नाही, उलट उष्णता वाहून न्यायला पाणीच चांगलं.

आणि एक लक्षण, जे मी आधी ओळखायला हवं होतं. हेडलाईट लावले किंवा पंखा सुरू झाला की माझा काटा टुणकन थोडा उडायचा. पाच लिटरच्या आसपासचं पाणी एका सेकंदात गरम होत नाही. काटा असा उडत असेल तर ते तापमान नाही, अर्थिंग आहे. खरं तापमान बघायला इन्फ्रारेड गन वापरा, पण चकचकीत धातूवर नको, आकडा कमी दाखवते. काळ्या होजवर धरा.

तुमच्या गाडीत अर्थिंग ठीक निघाली आणि तरी ती तापतेय, तर पुढचा संशय हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलचा. सकाळी थंड इंजिन चालू केल्याबरोबर टाकीत बुडबुडे, होज लगेच कडक, पाणी कमी होतंय पण गळती दिसत नाही, ऑइलच्या झाकणाखाली दुधी चहासारखी साय. असलं काही दिसलं तर गाडी चालवू नका, टो करून न्या.

आता दरवर्षी होळी झाली की कुलर उतरवायच्या दिवशीच बॅटरीचा ट्रे काढतो आणि तेच चार आकडे घेतो. यंदाचे: १३.८, १३.३, ०.४, ०.१. रिलेकडचा आकडा किंचित सरकलाय, पिना साफ करायच्या आहेत. हॉर्न, जो मी म्हाताऱ्या गाडीचा म्हणून खपवून घेत होतो, तो आता इतका मोठा वाजतो की लोकमत चौकात पुढचा ॲक्टिव्हावाला दचकून मागे बघतो. वायपर मात्र अजून संथच आहेत. त्यांची वायर डॅशबोर्डच्या मागून जाते, आणि पावसाला दोन महिने आहेत.